हाडं कुणाची बोलली?

आपल्या पोरांना हल्ली एक नवा नाद लागलाय. आजा कुठं पुरला, पणजा कुठल्या गावचा, आताच्या आडनावाआधी कोणतं आडनाव होतं, हे शोधायचं. सुट्टी काढून पोरं मूळ गावी जातात, मसणवट्यात उभं राहून मोबाईलवर फोटो काढतात, तालुक्याच्या रेकॉर्ड रूमबाहेर दिवस दिवस बसतात. काहींनी इंटरनेटवर घराण्याची झाडं लावलीत, मेलेल्या माणसाच्या नावाचं पान उघडून तिथं त्याचा जन्म, मरण, काम, फोटो घातलाय. एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा चळवळीतला एक जुना माणूस फटकन बोलला, "हा बामणाचा रोग आहे. गोत्र शोधत बसायला आपण काय लग्न लावतोय?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जन्मावर उभी राहिलेली व्यवस्था जो माणूस लाथाडतो, त्याने आपला जन्म कुणापासून आला हे शोधत बसावं का? माणूस जन्माने मोठा-छोटा होत नाही असं म्हणायचं आणि घरी येऊन पाच पिढ्यांची नावं पाठ करायची, ह्यात कुठं तरी दुटप्पीपणा आहे का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि जे उत्तर सापडलं ते पुरतं सरळ नाही. तरी मांडतो.

आधी हे हत्यार कुणासाठी घडलं ते बघा. जिथं माणूस पुरला की वर दगड येतो, दगडावर नाव येतं, नावाखाली दोन तारखा येतात, त्या मुलखात ही विद्या वाढली. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद. त्यावरून दोनशे-तीनशे वर्षं मागं जाता येतं. अमेरिकेत १९९५ साली एका माणसाने प्रसिद्ध लोकांच्या कबरी शोधण्याच्या छंदापायी 'फाइंड अ ग्रेव्ह' नावाची साईट काढली. पुढं सामान्य माणसांच्या कबरीही त्यात आल्या, आणि २०१३ साली वंशावळीचा धंदा करणाऱ्या 'अ‍ॅन्सेस्ट्री' कंपनीने ती विकत घेतली. कुणीही जावं, दगडाचा फोटो काढावा, पान उघडावं. त्याच मुलखातले मॉर्मन पंथाचे लोक मेलेल्या पूर्वजाच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देतात. म्हणून त्यांना मेलेल्यांची नावं लागतात आणि म्हणून त्यांनी जगभरच्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत. १९७७ पासून त्यांनी आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही फिल्मा काढल्या. म्हणजे गंगेवर पिंड पाडायला गेलेल्यांची नावं अमेरिकेतल्या युटाहमध्ये सांभाळून ठेवलेली आहेत! नाशिकला, त्र्यंबकला उपाध्यांच्या वह्या आहेत. चित्पावनांनी तर घराण्या-घराण्याचे कुलवृत्तांत छापून काढले, जाडजूड ग्रंथ, परदेशी गेलेल्या भाच्याच्या हुद्द्यासकट.

आता सांगा, आपल्या आज्याला ह्यातल्या कुठल्या वहीत घालायचं? ज्याची सावली नको त्याची दक्षिणा कोण घेणार आणि नाव कोण लिहिणार?

आपल्याकडं पुरत. लाकडं घ्यायला पैसा कुठला. ओढ्याच्या काठाला, गावाच्या हाडकीत, जिथं मेलेली जनावरं फाडली त्याच्या जवळपास. खड्डा फार खोल नाही, कारण जमीन खडकाळ. चांगली जमीन गावाची. मातीवर धोंडे रचायचे, बाभळीच्या फांद्या टाकायच्या, कोल्ह्याने उकरू नये म्हणून. तिसऱ्या पावसाळ्यात धोंडे सपाट. दहाव्या वर्षी तिथंच दुसरा पुरला जातो. नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. लिहायला येणारा माणूसच पिढ्यान्‌पिढ्या होऊ दिला नव्हता.

आणि गंमत बघा. सगळ्या गावाच्या मरणाशी सर्वांत जवळचा संबंध कुणाचा? महाराचा. पाटलाच्या घरी म्हातारा गेला की रात्री-अपरात्री पाच-दहा कोसांवर सोयऱ्यांना सांगावा घेऊन पळायचं ते महाराने. सरणाची लाकडं फोडायची महाराने. बावन्न हक्कांची जी यादी आपले म्हातारे अभिमानाने सांगत, त्यात मढ्यावरचं कापड हाही एक हक्क. दुसऱ्याच्या मढ्यावरचं कापड हा आपला हक्क! तो अंगावर घालून हिवाळा काढायचा. गावातल्या प्रत्येक मरणाची बातमी ज्याच्या पायांनी चालली, त्याच्या मरणाची बातमी द्यायला कुणी चार पावलं चाललं नाही. पाटलाच्या दप्तरातली कागदं तालुक्याला वाहून नेणाराही तोच. त्या कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. कदाचित त्याच्याच पोराच्या मरणाची नोंद त्याच्या डोक्यावरच्या गाठोड्यात असेल.

मंगळवेढ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. चोखामेळा तिथं गावकूस बांधायच्या कामावर होता. ज्या गावकुसाच्या बाहेर राहायचं, ते बांधायचंही आपणच. ती भिंत कोसळली आणि खाली माणसं चेंगरली. परंपरा साल सांगते १३३८. मग म्हणे नामदेव तिथं गेले आणि ढिगाऱ्यातली हाडं एकेक करून कानाला लावू लागले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची, म्हणून ती उचलली, पंढरपुरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. देवळाच्या बाहेर, अर्थात.

शेकडो वर्षं कीर्तनकार ही गोष्ट सांगतात आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला मात्र लहानपणापासून एकच गोष्ट खुपते. नामदेवांनी कानाला लावून जी हाडं खाली ठेवली, ती कुणाची होती? भिंतीखाली चोखा एकटा नव्हता. बाकीचेही मजूरच होते, बहुतेक आपलेच. त्यांनाही बायका होत्या, पोरं होती, संध्याकाळी घरी कुणी तरी वाट बघत असेल. त्यांची हाडं विठ्ठल बोलली नाहीत म्हणून ती ढिगाऱ्यात राहिली. गोष्ट खरी की रचलेली हा वाद मी घालत नाही. रचलेली असेल तर प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण रचणाऱ्याला ती उरलेली हाडं दिसलीच नाहीत. देवाचं नाव घेतलंस तर तुझं हाड ओळखू, एरवी तू नुसता ढिगारा, असा तो न्याय आहे. ह्या देशात दलिताची आठवण ठेवायची रीत आजही हीच आहे. संत झाला, शहीद झाला, पहिला आला, कलेक्टर झाला, तर नाव. नाही तर ढिगारा.

आपली पोरं जे शोधतायत ते त्या ढिगाऱ्यातलं आहे. म्हणून मला हा नाद बामणाचा वाटत नाही.

पण सापडतं काय? दगडावर आपली नावं कुठं आहेत ते आठवा. कोरेगावचा खांब. १ जानेवारी १८१८ची लढाई. खांबावर जी ४९ नावं कोरली आहेत त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ते कंपनीचे पगारी शिपाई होते हे विसरू नये, त्यांनी पगार घेतला आणि लढले. तरीही १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले. का? तो भाट झाला असता तर त्याने वाघ-सिंहाच्या उपमा दिल्या असत्या. बाबासाहेबांना पुरावा पाहिजे होता. हा माणूस लढू शकत नाही म्हणून ज्याला नंतर फौजेतून काढलं, तो लढला होता ह्याचा दगडी पुरावा. १८९२-९३च्या सुमाराला महारांची भरती बंद केली होती. सुभेदार रामजींसारखी माणसं अर्ज करून थकली. १९१७ साली गरज पडली तेव्हा '१११वी महार' पलटण उभी केली, १९२१ साली मोडून टाकली. पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची नोंद ठेवायला इंग्रजांनी १९१७ साली एक कमिशन नेमलं. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणतात. तत्त्व मोठं उमदं होतं – जनरल असो की शिपाई, दगड सारखाच. त्याची यादी आता इंटरनेटवर बघता येते. बऱ्याच हिंदी शिपायांच्या नावापुढं बापाचं नाव, गाव, जिल्हा दिलेला आहे, रत्नागिरी, सातारा, पुणे असा. आपल्यातल्या काहींना तिथं पणज्याचं नाव सापडलंय आणि ते वाचून ते रडलेत. पण त्याच कमिशनने इराकमध्ये बसऱ्याला १९२९ साली जे स्मारक उभं केलं, त्यावर गोऱ्यांची नावं, हिंदी अंमलदारांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. अमुक पलटण, इतके. झालं. हे सगळं कमिशनने २०२१ साली स्वतःच चौकशी करून कबूल केलं. ४५ ते ५४ हजार माणसांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केलं नाही, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावं कुठंच लिहिली नाहीत, नाही तर त्यांचं स्मारकच केलं नाही. त्यात आफ्रिकेचे हमाल, इजिप्तचे मजूर, आपले लोक. समतेचं तत्त्व कागदावर आणि दगडावर आकडा. असलं तत्त्व आपल्याला नवं नाही.

अमेरिकेतल्या काळ्यांचं असंच आहे. ज्यांच्या पॅंथरकडं बघून १९७२ साली आपल्याकडं दलित पॅंथर निघाली, ते लोक स्वतःचं घराणं शोधायला लागले की १८७० सालाशी येऊन थडकतात. गुलामगिरी गेल्यानंतरची ती पहिली खानेसुमारी, त्यात नाव-आडनाव आहे. त्याआधी १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी केली होती, त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव जवळजवळ कुठंच नाही. बैलांची नोंद करतात तशी. म्हणजे स्वतःचा पणजा शोधायला मालकाची वही उघडावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना हाडं लागली. खाली काळ्यांचं जुनं दफनस्थान निघालं, जे शहराच्या हद्दीबाहेर होतं आणि ज्यावर नंतर शहर उभं राहिलं. काळी माणसं रस्त्यावर आली, काम थांबवलं, चारशेच्या वर माणसांचे अवशेष २००३ साली पुन्हा सन्मानाने पुरले. एकाचंही नाव कळलं नाही. तरी पुरले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मंगळवेढ्याला जे झालं नाही ते तिथं झालं. हाड काही बोलो न बोलो, उचललं.

आपल्याकडं उजनीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पेपरात फोटो, मोटारी भरून लोक बघायला. त्याच पाण्याखाली गेलेल्या गावांना महारवाडे होते, मांगवाडे होते, त्यांचे मसणवटे होते. ते चिखलातून वर आले काय, न आले काय. त्याचा फोटो काढायला कोण जाणार?

सरकार तर आपल्याकडूनच वंशावळ मागतं. जात पडताळणीला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा आणायचा. शपथपत्रावर वंशावळ काढायची – पणजा, त्याची पोरं, त्यांची पोरं, आणि खाली कोपऱ्यात मी. मग शोधा: गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, कुठं त्याला कोतवाल बुक म्हणतात. बरंचसं मोडीत. मोडी वाचणारा पैसे घेतो. पानं कसरीने खाल्लेली. आणि त्यात एके ठिकाणी ओळ येते: अमक्याचा मुलगा, जात महार, वय दोन वर्षं, मयत, कारण ताप. बस्स. पुढच्या ओळीत पुन्हा ताप. मग पटकी. एका पानावर एकाच बापाची तीन पोरं. शिक्षणाच्या एका जागेसाठी माणूस ती वही उघडायला जातो आणि त्याच्या लक्षात येतं की आपला आजा सात भावंडांतला उरलेला एकटा होता. घरात हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं, असं वाटलं असणार.

म्हणजे ज्या व्यवस्थेने आपलं नाव कुठं लिहिलं नाही, तीच आज विचारते, तुझा पणजा महारच होता हे सिद्ध कर. आणि ज्या वहीत जात लिहिली ती जातीपायीच लिहिली. ह्या वहीने आपल्याला हिणवलं, तिच्यावरच आपला हक्क उभा आहे. हा पेच आपण घडवलेला नाही, पण त्यातून वाट आपल्यालाच काढायची आहे.

आता जुन्या कार्यकर्त्याच्या आक्षेपाकडं येतो, कारण त्याचं म्हणणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. वंशावळ हे जातीचं हत्यारच आहे. मज्झिम निकायात आश्वलायन सुत्त आहे. आश्वलायन नावाचा तरुण ब्राह्मण बुद्धाशी वाद घालायला येतो, ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण म्हणून. बुद्ध त्याला एक जुनी हकीकत सांगतात. असित देवल नावाच्या ऋषीने सात ब्राह्मण ऋषींना विचारलं होतं, तुमची आई फक्त ब्राह्मणाकडंच गेली हे तुम्हाला ठाऊक आहे काय? आईची आई? अशा सात पिढ्या? आणि बाप फक्त ब्राह्मणीकडंच गेला, त्याचा बाप, अशा सात पिढ्या? त्यांना नाही म्हणावं लागलं. मग तुम्ही कोण, हे तुम्हाला तरी कुठं माहीत आहे? अडीच हजार वर्षांपूर्वी वंशावळीच्या बुडाला लावलेला हा सुरुंग आहे. आणि तो बरोबर जागी लावलाय, बाईच्या ठिकाणी. जात शुद्ध राखायची म्हणजे बाईवर पहारा ठेवायचा. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात हेच सूत्र मांडलं: जातीचा प्राण म्हणजे आपल्यातल्या आपल्यात लग्न, आणि त्यासाठी विधवेला जाळायचं, कोंडायचं, नाही तर पोरीचं लहानपणीच लग्न लावायचं.

म्हणून मी पोरांना विचारतो, तुम्ही काढलेल्या झाडात बाया कुठं आहेत? बहुतेकांनी पडताळणीच्या नमुन्यावरूनच झाड काढलंय. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. एका पोराच्या झाडावर पाच पिढ्यांत एकही बाई नव्हती. माणसं काय बाभळीला लागली होती? त्याच्या पणजीला देवाला सोडली होती हे त्याच्या आत्याला माहीत होतं, ती सांगायला तयार होती, त्याने विचारलं नाही. जी मुरळी झाली, जी जोगतीण झाली, जी नवऱ्याने टाकल्यावर भावाकडं राहिली, जी दुष्काळात खडी फोडता फोडता मेली, तिला झाडात जागा नसेल तर ते झाड कुलवृत्तांताचंच कलम आहे. आपल्या अंगणात लावलंय एवढाच फरक.

आता सर्वांत अवघड गोष्ट. आमच्याच घरातली आहे.

माझ्या वडिलांचे एक चुलते मुंबईला गिरणीत होते. त्या काळी अस्पृश्याला साचेखात्यात काम नव्हतं. रिंगखात्यात चालत होतं, तिथं पगार कमी. साच्यावर धोट्यातला धागा तुटला की तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा लावणार? लाल बावट्याचे लोकही तिथं गप्प होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावायला घेतला तो उगाच नव्हे. आमचे हे आजोबा शहाणे. त्यांनी 'नाक' टाकलं, गावाच्या नावाला 'कर' लावलं, मराठा सांगितलं आणि साच्यावर लागले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी धागा तोंडाने ओढला. चाळीतली खोली त्याच नावावर. घरात बाबासाहेबांचा फोटो नाही. गावचा पाहुणा आला की त्याला खाली चहाच्या दुकानात भेटायचे. ७ डिसेंबर १९५६ला ते कामावर गेले नव्हते, एवढं घरात सांगतात. कुठं गेले होते ते सांगत नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने त्यांचं पान इंटरनेटवर उघडलं. गिरणीच्या पासावरचा फोटो, मूळ 'नाक' लावलेलं नाव, जात महार, आणि खाली सगळा गोतावळा, मुली, जावई, नातवंडं, कोण कुठं राहतं त्यासकट. चार दिवसांत त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या आत्याचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढं. ती म्हणाली, "काढून टाक बाबा ते. माझ्या नातीचं घर त्या नावावर भाड्याने मिळालंय. आमच्या बापानं जे झाकलं ते तुम्ही कोण उघडं करणारे?"

पुतण्या म्हणतो, "आजोबांनी जात चोरली. चोरलेली वस्तू परत ठेवायला नको का?"

आपल्या भाषेत हा शब्दप्रयोग किती सहज आहे बघा. बाबुराव बागुलांनी १९६३ साली कथासंग्रहाच्या नावातच तो घातला आणि आपली झोप उडवली. जात चोरली. पण चोरीला मालक लागतो. आमच्या आजोबांनी कुणाचा माल उचलला? साच्यावरचं काम त्यांच्या हातांना येत होतं, ते त्यांनी केलं. चोरी झाली असेल तर ती खात्याच्या दारावर झाली, जात विचारणाऱ्याने केली. पुतण्याने पानावर आजोबांची जात लिहिली, पण गिरणीत साचेखातं अस्पृश्याला बंद होतं हे एक वाक्यही लिहिलं नाही. मग वाचणाऱ्याला काय दिसतं? एक माणूस खोटं नाव लावून जगला. ज्यांनी लावायला लावलं ते पानावर कुठंच नाहीत. हे अर्धं सत्य आहे आणि अर्धं सत्य नेहमी कमजोराच्याच अंगावर पडतं.

आणि आत्या? तिला भित्री म्हणणं सोपं आहे. आपण मोर्चात असतो, आपल्या छातीवर निळा बिल्ला असतो, आपल्याला माणसं साथीला असतात. तिची नात परक्या शहरात एकटी घर शोधते आणि आडनाव ऐकल्यावर घरमालकाचा आवाज बदलतो. तो अनुभव तुमच्यातल्या किती जणांना आहे हे हात वर करून सांगायची गरज नाही. जात उघड करणं हा ज्याचा त्याने करायचा निर्णय आहे. दुसऱ्याची जात तिसऱ्याने जाहीर करायची, हे काम आजवर गावचा पाटील करत आला. आपण ते कशाला करायचं?

पण मी आत्यालाही सगळं देत नाही. "आमच्या बापानं झाकलं" ह्या शब्दात बाप तिच्या एकटीचा होतो. तो माझ्या आज्याचाही भाऊ होता. चहाच्या दुकानात बसून माघारी गेलेल्या पाहुण्यांचाही तो सोयरा होता, आणि ते पाहुणे परतताना काय मनात घेऊन गेले असतील ह्याची नोंद तिच्या झाकण्यात राहात नाही. मेलेला माणूस कुणा एकाच्या मालकीचा नसतो. त्यांना इथून पुढं गिरणीतून कुणी काढणार नाही, खोलीतून कुणी काढणार नाही. त्यांच्या मेल्या तोंडावर अजून हात ठेवायचा तर तो कुणाच्या सोयीसाठी?

शेवटी मी पुतण्याला असं करायला लावलं. आजोबांचं पान ठेव. मूळ नाव ठेव. खात्याची हकीकत वर घाल, आणि त्यांनी आडनाव का बदललं ते तिच्यानंतर. खालची जिवंत माणसं सगळी काढ. ज्याला आपलं नाव तिथं हवं तो येऊन सांगेल. गावाचं नावही काढलं, कारण 'कर' लावून गाव ओळखलं की आडनाव ओळखलं. आत्याला हे पुरतं पटलेलं नाही. ती माझ्याशी बोलते, पुतण्याशी नाही. पुतण्याला वाटतं मी नमतं घेतलं. दोघंही आपापल्या जागी ठाम आहेत आणि मला दोघांचंही म्हणणं रात्री ऐकू येतं.

कुणी विचारेल, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आपण श्राद्ध-पिंड सोडल्याची प्रतिज्ञा घेतली, मग पूर्वजांचं हे खूळ परत कशाला? फरक साधा आहे. पिंड मेलेल्याला द्यायचा असतो, त्याला वरच्या लोकात भूक लागते म्हणून. मेलेल्याला भूक लागत नाही. त्याचं नाव लिहून त्याचं काहीच भलं होत नाही हे आपल्याला माहीत आहे. लिहायचं ते जिवंतांपुढं साक्ष म्हणून. हा माणूस होता, इतकी वर्षं जगला, अमुक काम केलं, अमुक कारणाने मेला. १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला आणि तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्यांना अर्पण केला. तिथं गोत्राचा संबंध नव्हता, तिघं तीन मुलखांचे, तीन जातींचे. पूर्वज असेही निवडता येतात. माझ्या झाडात मी मंगळवेढ्याच्या त्या उरलेल्यांसाठी एक फांदी रिकामी ठेवली आहे. पुतण्या त्याला भावनाविवशता म्हणतो. म्हणू दे.

आता कामाचं. जी पोरं गावी जाणार आहेत त्यांनी पणज्याचा धोंडा शोधायच्या आधी मसणवट्याचा गट नंबर शोधावा. तलाठ्याकडं सातबारा मागा. कित्येक गावांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं पुरली ती जागा कागदावर गायरान आहे, नाही तर ओढ्याची पड आहे, नाही तर शेजारच्याने नांगर घालून आत घेतलेली आहे. गावाच्या स्मशानात शेड आहे, पाण्याचा नळ आहे, तिथं आपल्याला येऊ देत नाहीत, आणि आपल्या जागेला वाट नाही. पावसाळ्यात मढं घेऊन लोक रस्त्यावर बसतात, दोन दिवस बातमी येते, मग पुढचं मरण येईपर्यंत सगळं शांत. कागदावर नोंद नसेल तर आजच अर्ज टाका, ग्रामपंचायतीला, तहसीलदाराला, पोच घ्या. अर्जाला जुनी माणसं कुठं कुठं पुरली त्याचा हाताने काढलेला नकाशा जोडा. तो नकाशा काढायला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना सोबत न्या. पुरुषांना फार तर बाप आठवतो. बायांना तान्ही पोरं कुठं पुरली तेही आठवतं. त्यांना चालवत नसेल तर गाडीवर बसवून न्या, आणि उन्हाच्या आत परत आणा.